बुखाऱ्याला निघालेले दोन नान

नुसरतुल्ला दोमलांनी, म्हणजे मास्तरांनी, सदतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, पण समरकंदहून बुखारा नेमका किती लांब आहे हे त्यांना स्वतःला कळलं ते निवृत्त झाल्यावर, आणि तेही पायात बूट नसताना.

काम अगदी साधं होतं. दोन नान घ्यायचे, आगगाडीत बसायचं, बुखाऱ्याला उतरायचं. दीड तासाचा प्रवास. एवढ्या वेळात दोमलांचा आठवीचा वर्ग मध्य आशियातल्या नद्यांची नावंही धड सांगून संपवत नसे.

त्यांचा एकुलता मुलगा बहरोम ताश्कंदला शिकत असताना त्याने बुखाऱ्याची मुनिसा पसंत केली होती. तिने त्याला पसंत केलं होतं, मग दोघांच्या आयांनी एकमेकींना पसंत केलं होतं. राहिला होता फक्त नान मोडण्याचा विधी. मुलाकडच्यांनी आपल्या गावचे नान न्यायचे, दोन्ही घरच्या मोठ्यांनी मिळून ते मोडायचे आणि हजर असलेल्या प्रत्येकाने घास खायचा. तो घास गिळला की सोयरीक पक्की. त्यानंतर मन बदलायचं असेल तर तोंड लपवायला वाळवंट आहेच.

अडचण होती ती मुनिसाच्या आजोबांची. इस्मतुल्ला बोबोंनी साठ वर्षं जरीकाम केलं होतं, आणि समोरच्या माणसाकडेही ते उसवलेला टाका शोधावा तसे बघत. बोलणी करायला गेलेल्या दोमलांच्या बायकोला, मस्तूराला, त्यांनी मुलाचा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एकच विचारलं, "तुमच्याकडे माणसं किती?"

"अल्लाच्या कृपेने पुरेशी आहेत," मस्तूरा म्हणाली.

पुरेशी म्हणजे तीन. दोमला, मस्तूरा आणि बहरोम. दोमलांना एक भाऊ होता, पण तो रशियात, कझानला स्थायिक झालेला, आणि दर नवरोजला फोनवर फुलांचं एक चित्र पाठवलं की भाऊपणाचं वर्षाचं काम त्याने उरकलेलं असे.

"हे बघ बाई," बोबो म्हणाले होते, "भरल्या घरात भांडायला दहा असतात, पण समजूत काढायला वीस असतात. रिकाम्या घरात आमची पोर कुणाशी बोलणार? भिंतीशी? नान मोडायला किती येतात ते बघू. दहा तरी दिसले नाहीत, तर चहा पाजून परत पाठवीन. आणि दुपारच्या नमाजाच्या आत या. नंतर मी झोपतो."

दहा माणसं खरं तर अवघड नव्हती. दोमलांची गल्ली म्हणजे हाक मारली तर चाळीस माणसं बाहेर येतील अशी. पण त्याच दिवशी गल्लीच्या टोकाला दुसरं लग्न निघालं. पहाटेचा पुलाव, तीनशे पानं. त्यामुळे यायला कुणीच मोकळं नव्हतं आणि सल्ला द्यायला सगळे मोकळे होते.

"मोटारीने जा, अका," शेजारचा तुरोब गाजरं चिरता चिरता म्हणाला. "त्या गाडीच्या वेगाने नानाला भेगा पडतात. माझ्या मेहुण्याच्या वेळी पडल्या होत्या."

"नानाला?"

"नाही, मेहुण्याला. ओठांना. पण वेग तोच ना?"

गल्लीतल्या ओयदिन खोलांचं, म्हणजे मावशींचं, म्हणणं, नान पालथा पडता कामा नये, पायाच्या पातळीला येता कामा नये आणि एकटा राहता कामा नये. दोन म्हणजे दोन. विषम संख्येने सोयरीक लंगडी होते. गल्लीच्या प्रमुखांनी तर मदत म्हणून गल्लीच्या शिक्क्याचा दाखलाच लिहून देऊ केला : 'सदर इसमास माणसे आहेत, परंतु ती आज पुलावात आहेत.' दोमलांनी तो नम्रपणे नाकारला. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

शेवटी असं ठरलं की मस्तूराने मिठाई, कापड वगैरे घेऊन आदल्या दिवशीच जायचं आणि दोमलांनी पहाटे भट्टीवरून ताजे नान उचलून सकाळच्या वेगवान गाडीने पोचायचं. बहरोमने ताश्कंदलाच थांबायचं, कारण या विधीला नवरा मुलगा हजर नसतो. ताज्या नानाचा आग्रह दोमलांचाच. माणसं तीन असली तरी नान असा न्यायचा की बुखाऱ्याने आठ दिवस तोंड उघडू नये.

आणि नान होतेच तसे. ताटाएवढे, जड, वरून लाकडाला पॉलिश केल्यासारखे चमकणारे, मध्ये नक्षीचा ठसा. पांढऱ्या कापडात गुंडाळून दोमलांनी ते छातीशी धरले तेव्हा थंडीतही त्यांना ऊब आली. मार्च महिना. जर्दाळूची झाडं फुलली होती आणि फुलल्याबद्दल किंचित ओशाळली होती, कारण रात्री पुन्हा गारठा पडला होता.

पहिला अडथळा स्टेशनच्या दारात आला. सामान तपासणीच्या यंत्रातून गेलं पाहिजे. यंत्राला काळा पट्टा. त्या पट्ट्यावरून दोमलांच्या डोळ्यांदेखत एकाची चिखलाने माखलेली बुटांची जोडी गेली.

"ठेवा, अका," पहारेकरी म्हणाला.

"त्याच्यावर?" दोमलांनी विचारलं. "नान आहे."

पहारेकऱ्याचा हात थबकला. शेवटी तोही नानावरच वाढलेला.

"नियम आहे हो. सगळं सामान यंत्रातून गेलं पाहिजे."

"नान सामान आहे?"

या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नव्हतं. वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ आले, त्यांनी कापड उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि क्षणभर ते कुठेतरी जाऊन आले. मग त्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून पट्ट्यावर अंथरला, त्यावर नान सुलटे ठेवले आणि यंत्र हळू चालवायला सांगितलं. पडद्यावर दोन गोल उमटले. रांगेतली सगळी माणसं ते गोल बघत होती. "बघा, ठसासुद्धा दिसतोय," कुणीतरी हळूच म्हणालं. त्या दिवशी समरकंद स्टेशनवर पहिल्यांदाच कुणी त्या पडद्याकडे प्रेमाने पाहिलं असेल.

पाच नंबरच्या डब्यात दोमलांना टेबलाजवळची जागा मिळाली. वरच्या फळीवर कुणाच्या तरी चपला डोकावत होत्या, म्हणून नान टेबलावर ठेवले. अंगातला कोट काढून खुंटीला लावला. विधीसाठी घेतलेले नवे बूट चावत होते, तेही काढून आसनाखाली सरकवले. समोर एक म्हातारी बसली होती. तिला सगळे साओदत बीबी म्हणत होते, म्हणजे समरकंदला बसल्यापासून पाच मिनिटांत तिने सगळ्यांना तसं म्हणायला लावलं होतं. तिच्या शेजारी वीजकेंद्रातला इल्होम नावाचा इंजिनियर, मांडीवर फायली.

"सोयरिकीचे ना?" बीबीने नानाकडे बघत विचारलं.

दोमलांनी एका दमात सगळं सांगितलं. मुलगा, मुलगी, बोबो, दहा माणसं, पुलाव. परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगताना जीभ जशी सैल सुटते तशी घरात कधीच सुटत नाही.

"आणि तुम्ही एकटेच?" इल्होमने विचारलं.

"एकटा कुठे," दोमला म्हणाले, "दोन नान आहेत."

गाडीने वेग घेतला. वेग घेतला हे भिंतीवरच्या आकड्यांवरून कळायचं, बाकी सगळं शांत. जवळची झाडं दिसायच्या आतच गेलेली असायची आणि दूरचे डोंगर मात्र जागचे हलत नव्हते. असं का होतं हे दोमलांनी सदतीस वेळा फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, पण आज त्यांना ते पटेना. आज वाटलं, जवळच्या गोष्टींना घाई असते, दूरच्यांना नसते, एवढंच. जर्दाळूचा एक पांढरा पट्टा खिडकीवरून ओघळत गेला. मग नांगरलेली माती. मग पुन्हा पांढरं. नानाचा ऊबदार वास डब्यात पसरला होता. पहाटे चारला उठलेले दोमला डोळे न मिटता झोपू लागले, आणि मग मिटूनही.

खिडकीबाहेर उंट चालत होते. गाडी इतकी धावत असूनही ते संथपणे बरोबरीने चालत होते, आणि पुढच्या उंटावर दोमलांचे आजोबा बसले होते, जे हीच वाट सहा दिवसांत जायचे. "लवकर आलास," आजोबा म्हणाले. "वाटेत काय काय पाहिलंस?" दोमलांना काहीच आठवेना. "दूरचं पाहिलं," ते म्हणाले. आजोबांनी मान हलवली, आणि बघता बघता डब्यात मखमलीची बैठक अंथरली गेली. समोर जरीचा अंगरखा घातलेले इस्मतुल्ला बोबो बसले होते आणि त्यांच्या मागे माणसंच माणसं, चेहरे धूसर, सगळी दोमलांची. "मोडा," बोबो म्हणाले. दोमलांचा ऊर भरून आला. "बिस्मिल्ला," म्हणून त्यांनी नान हातात घेतला, मोडला, आणि दोन्ही बाजूंना पुढे केला. "घ्या, घ्या, आपलाच आहे."

जाग आली तेव्हा दोन्ही हातांत अर्धा अर्धा नान होता.

समोर साओदत बीबीने नुकताच आमीन म्हणून चेहऱ्यावरून तळवे फिरवले होते आणि ती घास चावत होती. इल्होम चावत होता. मागच्या रांगेतला औषधविक्रेता चावत होता. एक तुकडा हातोहात दारापर्यंत पोचला होता. त्यांचीही चूक नव्हती. कुणी तुमच्यापुढे नान मोडून "घ्या" म्हटलं की नाही म्हणता येत नाही. भूक नाही, दात नाहीत, मोडणारा घोरतोय, यातलं कुठलंच कारण चालत नाही.

"मी... काय केलं?" दोमला म्हणाले.

"मोडलात की," बीबी म्हणाली. "दुवा देऊन मोडलात. आम्ही पण म्हटलं, इतक्या मनापासून देतोय माणूस."

"अहो, मी झोपेत होतो!"

"हात जागे होते."

"म्हणजे आता या डब्याशी तुमची सोयरीक झाली, अका," औषधविक्रेता मागून म्हणाला. "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. थांबणार असाल तर सांगा."

डबा हसला. दोमलांचा चेहरा पाहिला आणि वरमला. मग जिथे चौदा माणसं एका माणसाचं नुकसान करून बसतात तिथे जे होतं ते झालं : सगळे सल्ला देऊ लागले. एक म्हणाला, राहिलेला एक मधोमध कापून दोन करा. दुसरा म्हणाला, मधाने चिकटवा. बीबी म्हणाली, "एकट्या नानाने जाऊ नका हो. लंगडी सोयरीक नको." ओयदिन खोलांची ही कुणीतरी मावसबहीण असणार.

"पुढच्या नवोई स्टेशनला गाडी दोन मिनिटं थांबते," इल्होम उठला. "फाटकाबाहेर एक बाई समरकंदचे नान विकते. माझं तिथे नेहमी जाणं असतं. पळा तुम्ही. डब्याचं दार सांभाळणाऱ्या पोरीला मी बोलण्यात गुंतवतो."

गाडी थांबली. दोमला पळाले. एकसष्टाव्या वर्षी ते असे पळाले की फलाटाचा गारवा तळपायाला लागल्यावरच त्यांना कळलं, बूट आसनाखाली राहिले. परत फिरायला वेळ नव्हता.

फाटकाबाहेर बाई होती. नान होता, थेट समरकंदचा, पहिल्या गाडीने आलेला. दोमलांनी पैसे पुढे केले, नान छातीशी घेतला आणि वळणार तोच बाईने विचारलं, "सोयरिकीचा का?"

"हो."

इथे त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. बाईने दोन्ही हात दुवेसाठी वर उचलले.

आता उचललेल्या हातांसमोरून निघून जाणारा माणूस समरकंदमध्ये अजून जन्मला नाही. दोमलांनी नान काखेत धरून हात वर केले. बाईने मुलाला दीर्घायुष्य मागितलं. मुलीला मागितलं. मग मुलं मागितली, आधी मुलगे, मग मुली. घरात बरकत, ओठांवर गोडवा, म्हाताऱ्या आईबापांना सुनेच्या हातचा चहा. अत्यंत सुंदर दुवा होती. प्रत्येक वाक्यागणिक दोमलांचे डोळे पाणावत होते, आणि त्या पाण्यातून त्यांना फलाटाकडे धावणारा शेवटचा प्रवासी दिसत होता.

"आमीन!" दोमला जवळजवळ ओरडलेच.

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "तिकीट?"

"कोटात. कोट गाडीत. गाडी ती बघा!"

पहारेकऱ्याने पाहिलं. गाडी नव्हती. वेगवान गाडीचं हे एक वाईट. जुनी गाडी शिटी द्यायची, धक्का द्यायची, निरोप घेतल्यासारखं काहीतरी करायची. ही नुसती नाहीशी झाली. त्या गाडीत त्यांचा कोट होता, फोन होता, बूट होते आणि दुसरा नान होता. हे सगळं वेळेवर बुखाऱ्याला पोचणार होतं. फक्त दोमला पोचणार नव्हते.

बाहेर बुखाऱ्याची भाड्याची मोटार उभी होती, पण चार माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. पाऊण तास लागला. मोजे घातलेल्या, काखेत नान धरलेल्या माणसाशेजारी बसायला लोक चटकन तयार होत नाहीत. निघाल्यावर ड्रायव्हरने दोनदा मागे पाहिलं.

"वास भारी येतोय, अका."

"हं."

"सकाळपासून काही खाल्लं नाही बघा."

दोमला खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्याला भूक आहे, हातात नान आहे, आणि आपण तो मोडत नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ड्रायव्हरचा आरशातला चेहरा आपल्या बापाने तोंडावर दार लावल्यासारखा झाला होता. दोमलांना झोप येत होती, पण ते झोपले नाहीत. आपल्या हातांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. रस्ता पांढऱ्या उन्हात तरंगत होता. दोन्ही बाजूंना रिकामी जमीन, इतकी रिकामी की बोबोंचा प्रश्न तिच्यावर कुणी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्यासारखा वाटत होता. माणसं किती?

बुखाऱ्यात शिरले तेव्हा दुपारचा नमाज होऊन गेला होता. दोमला बोबोंच्या गल्लीत चालत आले. मनात ते चहा पिऊन परत जाण्याची वाक्यं जुळवत होते. बहरोमला काय सांगायचं याचं वाक्य काही जुळेना.

दार उघडं होतं. अंगणात चपला-बुटांचे ढीग पडले होते. आणि उंबऱ्याशी, अगदी मानाच्या जागी, टाचा जुळवून ठेवलेले त्यांचे स्वतःचे नवे बूट होते.

मस्तूरा धावत बाहेर आली. "कुठे होतात हो! फोन केला तर कुणी बाई बोलली. म्हणाली, तुझा नवरा नवोईला राहिला, बूट माझ्याकडे आहेत, काळजी करू नकोस, आम्ही येतोय. मी विचारलं, आम्ही म्हणजे किती? म्हणाली, मोजले नाहीत."

दोमलांनी आत डोकावलं. लांबलचक बैठकीवर पाच नंबरचा डबा बसला होता. साओदत बीबी वरच्या अंगाला, तिच्याजवळ फायलींसकट इल्होम, मग औषधविक्रेता, त्याच्याही पलीकडे अशी माणसं जी दोमलांनी फक्त पाठीकडून पाहिली होती. मध्ये अंथरलेल्या दस्तरखानावर नान मोडलेला होता. सगळे चावत होते. या लोकांना चावताना बघायचीच दोमलांना सवय झाली होती.

सगळ्यांच्या वर, भिंतीला टेकून बसलेल्या इस्मतुल्ला बोबोंनी मान वर केली. "हे कोण?"

"हे मुलाचे वडील," मस्तूरा म्हणाली.

"अस्सं," बोबो म्हणाले. "हेही आहेत का?"

औषधविक्रेत्याने सरकून त्यांना दाराजवळ थोडी जागा करून दिली. आपल्याच मुलाच्या सोयरिकीत आपल्याला सरकून जागा करून दिली जावी, हे दोमलांना लागलं. पण त्याहून जास्त त्यांना दुसरंच काही टोचत होतं. सदतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, खोटं त्याने नकाशातही कधी काढलं नव्हतं. ते तसेच मोज्यांवर उभे राहिले.

"बोबो, एक सांगायचंय. ही माणसं माझी नाहीत. यांतल्या कुणाचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. आम्ही तिघंच आहोत. नान मी झोपेत मोडला."

चावणं थांबलं. मस्तूराने डोळे मिटून घेतले.

बोबोंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोज्याच्या भोकापर्यंत.

"बसा," ते म्हणाले. "ही मंडळी आल्या आल्याच तुमच्या बायकोने सांगितलं. मी एकेकाला विचारलं, बाबा रे, तू का आलास? हा म्हणाला, मला कचेरीत जायचं होतं, पण याचा नान खाल्लाय. ही म्हणाली, माझी बहीण स्टेशनवर वाट बघतेय, पण याचा नान खाल्लाय. माझा सख्खा पुतण्या तीन गल्ल्या पलीकडे राहतो. सकाळी निरोप आला, सर्दी झालीय." त्यांनी कप खाली ठेवला. "साठ वर्षं मी सुई चालवली. कापडाचा तुकडा लहान आहे का मोठा, ते बघून चालत नाही. धागा किती लांब जातो ते बघावं लागतं. मोडा तो हातातला नान. अर्धी माणसं अजून भुकेली आहेत."

दोमलांनी मोडला. या वेळी पूर्ण जागेपणी, आणि तरी तुकडे कसेही झाले.

नंतर लग्नाची तारीख निघाली. मे महिन्याचा पहिला आठवडा बोबोंनी सुचवला, पण इल्होमची तेव्हा रात्रपाळी होती. दुसऱ्या आठवड्यात औषधविक्रेत्याच्या दुकानात माल यायचा होता. बराच खल होऊन चोवीस तारीख ठरली. साओदत बीबीने फर्मावलं की पुलावात गाजर पिवळंच घालायचं. मुलाच्या बापाला कुणी काही विचारलं नाही. तो दाराशी बसून मुनिसाने आणलेला चहा पीत होता, आणि उन्हाचा एक पट्टा अंगणातून इतक्या हळू आत येत होता की तो पोचायला सहा दिवस लागले तरी चाललं असतं.

फोन वाजला. बहरोम होता, ताश्कंदहून.

"बाबा, झालं का?"

"झालं."

"दहा माणसं कुठून आणलीत? कोण होतं?"

दोमलांनी बैठकीकडे नजर टाकली. इल्होम फायली उशाला घेऊन चक्क आडवा झाला होता. बीबी मस्तूराला काहीतरी रागावून समजावत होती.

"आपलीच माणसं," ते म्हणाले.

"आपली? बाबा, आपण तर तिघंच आहोत."

"होतो," दोमला म्हणाले.